बाहेरचा डीएचसीपी, बाहेरचा डीएनएस आणि आपला क्लाउड: पत्ता ठरवणार कोण?

प्रश्न थोडक्यात असा. ओपनस्टॅक या मुक्त सॉफ्टवेअरवर खासगी क्लाउड उभा केला आहे. नेटवर्क विभागाकडे किआ हा डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कचा पत्ता देणारा) सर्व्हर आणि बाइंड हा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) सर्व्हर आधीपासून चालू आहेत, आणि क्लाउडमधल्या व्हीएमनाही (आभासी यंत्रांनाही) पत्ते नि नावं तिथूनच मिळावीत असा त्यांचा आग्रह आहे. त्याप्रमाणे सबनेटवरचा (पत्त्यांच्या एका गटावरचा) न्यूट्रॉनचा, म्हणजे ओपनस्टॅकच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाचा, डीएचसीपी बंद केला, व्हीएलॅन (एकाच तारेवरचं वेगळं आभासी नेटवर्क) बाहेरच्या सर्व्हरपर्यंत नेला. व्हीएमला पत्ता मिळतो, पण गेटवेलासुद्धा (बाहेर जाण्याच्या दारालासुद्धा) पिंग जात नाही. नावांच्या बाबतीत तर अजून सुरुवातच नाही. कुठे चुकतंय, आणि हे मुळात करावं का?

आधी पिंगचं बघू, बाकीचं उत्तर त्यातूनच निघतं. व्हीएमच्या कन्सोलवर जाऊन पत्ता पाहा, मग त्याच व्हीएमचा पत्ता ओपनस्टॅकला विचारा. पैज लावून सांगतो, दोन वेगळे निघतील. समजा कन्सोलवर १०.२०.३०.१४० दिसतो आणि ओपनस्टॅकच्या यादीत १०.२०.३०.१७. न्यूट्रॉनने पोर्ट (व्हीएम नेटवर्कला जोडण्याचं आभासी टोक) तयार करतानाच १७ हा पत्ता त्या पोर्टच्या नावावर लिहून टाकलेला असतो. सबनेटवर डीएचसीपी बंद केला तरी न्यूट्रॉन पत्ता नेमून देणं थांबवत नाही. नेमलेला पत्ता व्हीएमला कळवणं तेवढं थांबवतो. इकडे किआने आपल्या पूलमधला (वाटायच्या पत्त्यांच्या साठ्यातला) १४० देऊन टाकला. आता व्हीएम १४० वरून काही पाठवायला गेला की हायपरव्हायजरवरचा (व्हीएम चालवणाऱ्या मशीनवरचा) पोर्ट सिक्युरिटीचा नियम आडवा येतो: या मॅक पत्त्याने (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाने) १७ सोडून दुसऱ्या पत्त्यावरून बोलायचं नाही. पॅकेट जागीच गळतं, एआरपीसकट (म्हणजे ‘हा पत्ता कोणाचा’ या विचारणेसकट). डीएचसीपीची देवाणघेवाण मात्र बिनबोभाट पार पडते, कारण ०.०.०.० वरून पोर्ट ६८ मधून (हा पोर्ट म्हणजे सेवेचा क्रमांक, वरचं टोक नव्हे) निघणाऱ्या विनंतीला त्याच नियमांत मुद्दाम वाट ठेवलेली असते. म्हणून पत्ता मिळतो आणि पुढे सगळं ठप्प.

या टप्प्यावर दोन पळवाटा हमखास सुचवल्या जातात. एक म्हणजे पोर्ट सिक्युरिटीच बंद करा. दुसरी म्हणजे ‘अलाउड अ‍ॅड्रेस पेअर्स’मध्ये (त्या पोर्टला चालणाऱ्या जादा पत्त्यांच्या यादीत) अख्खा सबनेट लिहा. दोन्हींनी पिंग लगेच सुरू होतं, आणि लोक खूश होऊन घरी जातात. पण पोर्ट सिक्युरिटी बंद केली की त्या पोर्टवर सिक्युरिटी ग्रुपही (कोणाला आत-बाहेर जाऊ द्यायचं ते नियम) चालत नाहीत. फ्लोटिंग आयपीचं (बाहेरून व्हीएमपर्यंत पोचायच्या पत्त्याचं) भाषांतर अजूनही १७ कडेच होतं, तिथे कोणी नाही. मेटाडेटा सेवा (व्हीएमला त्याची किल्ली, नाव वगैरे माहिती देणारी) व्हीएमला ओळखते ती तो कोणत्या नेटवर्कमधून, कोणत्या पत्त्यावरून आला यावरून. १४० वरून आलेल्याला ती ओळखतच नाही. आणि ‘या ग्रुपच्या सदस्यांनाच आत येऊ द्या’ अशा नियमांतले सदस्य न्यूट्रॉनच्या वहीतल्या पत्त्यांनी मोजलेले असतात. एक भोक बुजवायला चार पाडल्यासारखं होतं.

हे टाळायचं तर डीएचसीपीची दोन कामं मनात वेगळी करावी लागतात: पत्ता ठरवणं आणि पत्ता पोचवणं. साध्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये ही दोन्ही कामं एकच सर्व्हर करतो, त्यामुळे फरक जाणवत नाही. क्लाउडमध्ये ती आधीपासूनच फुटलेली असतात. न्यूट्रॉनच्या पारंपरिक रचनेत प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळ्या नेमस्पेसमध्ये (त्याच मशीनमधल्या बंदिस्त नेटवर्क-कप्प्यात) डीएनएसमास्क हा एक छोटा डीएचसीपी सर्व्हर चालतो. त्याच्या हाती एक फाइल दिलेली असते, तिच्यात कोणत्या मॅकला कोणता पत्ता हे आधीच लिहिलेलं असतं. त्या फाइलमध्ये नसलेल्याला तो उत्तर देत नाही. म्हणजे डीएनएसमास्क नुसता पोस्टमन. ओव्हीएन (न्यूट्रॉनखाली चालणारी दुसरी नेटवर्क यंत्रणा) वापरत असाल तर पोस्टमनही वेगळा नाही: विनंती हायपरव्हायजरच्या बाहेर पडतच नाही, त्याच मशीनवरचा ओव्हीएन कंट्रोलर उत्तर तयार करून परत देतो.

नेटवर्क विभागाला खरं तर काय हवंय? बहुतेक वेळा त्यांना पोस्टमन बदलायचा नसतो. कोणता पत्ता कोणाकडे आहे हे त्यांच्या वहीत दिसायला हवं असतं, आणि क्लाउडने त्यांच्या छपाई यंत्राचा पत्ता उचलून कोणाला देऊ नये एवढीच भीती असते. या दोन्ही मागण्या किआला क्लाउडच्या तारेवर न आणता भागतात. त्यांच्याशी बोलताना ‘डीएचसीपी कोणाचा’ हा विषयच काढू नका, ‘वही कोणाची’ ते विचारा. निम्मी बैठक तिथेच संपते.

माझी शिफारस सरळ आहे. नेटवर्क विभागाकडून क्लाउडसाठी पत्त्यांचे स्वतंत्र पट्टे मागून घ्या, शक्यतो पूर्ण /२४ च्या (२५६ पत्त्यांच्या) हद्दीवर. हद्दीचा आग्रह का, ते उलट नोंदींपाशी सांगतो. त्या पट्ट्यांत न्यूट्रॉनचाच डीएचसीपी चालू ठेवा आणि किआच्या कॉन्फिगरेशनमधून ते काढून टाका. प्रोव्हायडर नेटवर्कवर (बाहेरच्या भौतिक नेटवर्कला थेट जोडलेल्या) एकच व्हीएलॅन दोघांना वापरायचा असेल तर न्यूट्रॉनचा ‘अ‍ॅलोकेशन पूल’ आणि किआचा पूल यांच्या हद्दी एकमेकींना शिवता कामा नयेत. एका व्हीएलॅनवर दोन डीएचसीपी सर्व्हर म्हटलं की नेटवर्कवाले दचकतात, पण डीएनएसमास्क अनोळखी मॅकला उत्तर देत नसल्याने तो बाहेरच्या यंत्रांच्या वाटेला जात नाही. उलट बाजूने धोका आहे: किआ अनोळखी व्हीएमला पूलमधला पत्ता देऊ शकतो, आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचं चालतं. म्हणून क्लाउडचे मॅक पत्ते किआमध्ये क्लायंट क्लास करून वगळायचे. न्यूट्रॉन आपल्या मॅक पत्त्यांची सुरुवात ठरावीक ठेवतो, डिफॉल्ट एफए:१६:३ई, त्यामुळे हा नियम एका ओळीचा होतो.

वही खरोखरच बाहेर हवी असेल, म्हणजे इन्फोब्लॉक्ससारखी पत्त्यांचं व्यवस्थापन करणारी प्रणाली कंपनीत असेल, तर न्यूट्रॉनमध्ये आयपॅम ड्रायव्हर (पत्ते नेमणारा भाग) बदलता येतो. पोर्ट तयार होताना न्यूट्रॉन ‘पुढचा मोकळा पत्ता कोणता’ हे स्वतःच्या डेटाबेसऐवजी त्या प्रणालीला विचारतो आणि आलेला पत्ता पोर्टवर लिहितो. ठरवणारा बाहेरचा, पोचवणारा आतलाच, आणि वहीत दोन्हीकडे एकच आकडा. याची किंमत अशी की ती प्रणाली झोपली की नवा पोर्ट तयार होत नाही. तुम्ही तेवढ्या खात्रीने ती चालवत असाल तरच या वाटेने जा.

आता ज्यांना खरोखर किआच तारेवर हवा आहे त्यांच्यासाठी. अशी ठिकाणं असतात: पीएक्सई बूटसाठी (नेटवर्कवरून यंत्र सुरू करण्यासाठी) आधीच बसवलेली मोठी यंत्रणा, किंवा लेखापरीक्षणाने डीएचसीपीच्या लीजची (ठरावीक काळापुरत्या दिलेल्या पत्त्यांची) नोंद एकाच ठिकाणी मागितलेली. तिथे नियम एकच. किआला ठरवू द्यायचं नाही. न्यूट्रॉनने ठरवलेली मॅक आणि पत्त्याची जोडी किआमध्ये राखीव नोंद म्हणून टाकायची आणि त्या सबनेटवर किआमध्ये पूल ठेवायचाच नाही. पूल नसलेल्या सबनेटवर किआ फक्त राखीव नोंद असलेल्यालाच पत्ता देतो. या नोंदी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमध्ये ठेवता येतात, त्यामुळे दर व्हीएममागे कॉन्फिगरेशन पुन्हा वाचायला लावावं लागत नाही.

घोडं पेंड खातं ते क्रमात. बरेच जण न्यूट्रॉनची ‘पोर्ट तयार झाला’ ही सूचना मेसेज बसवरून (ओपनस्टॅकचे भाग एकमेकांना निरोप देतात त्या वाहिनीवरून) ऐकणारी छोटी स्क्रिप्ट लिहितात आणि तिच्यातून किआमध्ये नोंद टाकतात. दिवसभर छान चालतं. मग एकदम पन्नास व्हीएम सोडले की रांग लागते, व्हीएम आधी उठतो, नोंद नंतर पोचते, आणि व्हीएम पत्त्याविना बसून राहतो. त्यापेक्षा उलट्या क्रमाने करा: आधी नुसता पोर्ट, मग त्या जोडीची किआमध्ये नोंद, ती पडल्याची खात्री, आणि मग तो पोर्ट देऊन व्हीएम. टेराफॉर्मसारख्या, पायऱ्या लिहून क्लाउड उभारणाऱ्या साधनात ही साखळी सहज बसते. क्लाउडचे वापरकर्ते हाताने बटण दाबून व्हीएम करत असतील तर मात्र त्यांना हा क्रम पाळायला लावणं अवघड जातं, आणि तिथे माझं मत पुन्हा पहिल्या वाटेकडे झुकतं.

डीएनएसमास्क काढला की त्याच्याबरोबर ज्या गोष्टी गुपचूप जातात त्यांची जाणीव बहुतेकांना उशिरा होते. पहिली मेटाडेटाची वाट. न्यूट्रॉन डीएचसीपीच्या पर्याय १२१ मधून (पर्याय म्हणजे पत्त्याबरोबर पाठवलेली क्रमांकित माहिती) १६९.२५४.१६९.२५४ या मेटाडेटाच्या पत्त्याकडे जाणारा मार्ग व्हीएमला देऊ शकतो. राउटर नसलेल्या नेटवर्कवर मेटाडेटा त्याच मार्गाने मिळतो. ओव्हीएनमध्ये तर मेटाडेटाच्या पोर्टला पत्ता मिळणंच सबनेटवरच्या डीएचसीपीशी बांधलेलं आहे. तो बंद केलात की क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला व्हीएमची मांडणी करणारा प्रोग्राम) वाट बघत बसतो, एसएसएच किल्ली (दूरवरून व्हीएममध्ये शिरायची) येत नाही, आणि तक्रार ‘इमेज खराब आहे’ अशी येते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अशा नेटवर्कवर कॉन्फिग ड्राइव्ह सक्तीचा करा. नेटवर्क असो वा नसो, तो व्हीएमला डिस्क म्हणून जोडलेला मिळतो. किआमधून पर्याय १२१ स्वतः द्यायचा विचार असेल तर आरएफसी ३४४२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे मानक दस्तऐवज) मधली एक अट पाठ करा: क्लायंटला १२१ मिळाला की त्याने पर्याय ३, म्हणजे नेहमीचा डिफॉल्ट गेटवे, दुर्लक्षित करायचा असतो. म्हणून १२१ मध्ये मेटाडेटाच्या मार्गाबरोबर डिफॉल्ट मार्गही लिहावाच लागतो. ही ओळ विसरून मी स्वतः एक संध्याकाळ घालवली आहे.

दुसरी गोष्ट एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. प्रोव्हायडर व्हीएलॅनवर १५०० चाच एमटीयू असेल तर हा त्रास नाही. पण किआ एखाद्या ओव्हरले नेटवर्कवर (दुसऱ्या नेटवर्कच्या पॅकेटांत गुंडाळून चालणाऱ्या) व्हीएम म्हणून बसवला असेल तर व्हीएक्सलॅनच्या वेष्टनाला ५० बाइट जातात, व्हीएमच्या वाट्याला १४५० उरतात. ओव्हीएनच्या जिनीव्ह वेष्टनात १४४२. डीएनएसमास्क हा आकडा पर्याय २६ मधून आपोआप सांगत होता. किआला तो कोणी सांगायला लावलेलाच नसतो. मग पिंग चालतं, एसएसएचची सुरुवात होते आणि किल्ल्यांची देवाणघेवाण होताना पडदा गोठतो. असं दिसलं की डीएनएस, फायरवॉल काही न तपासता आधी एमटीयू बघा. शिवाय डीएचसीपी सर्व्हर व्हीएममध्येच चालवणार असाल तर त्याच्या पोर्टवरची पोर्ट सिक्युरिटी काढावीच लागते, कारण भाडेकरूच्या व्हीएममधून निघालेली डीएचसीपीची उत्तरं न्यूट्रॉन मुळातच अडवतो. ही एक जागा जिथे ती पळवाट रास्त आहे.

कोणी पूल ठेवलाच तर लीजचा काळ मोजून ठेवा. एक चाचणी यंत्रणा तासाला ४० व्हीएम उठवते आणि प्रत्येक १५ मिनिटांत मारते असं धरा. एका वेळी जिवंत फक्त १०. पण मारलेला व्हीएम ‘पत्ता सोडला’ असं सांगून जात नाही. लीज २४ तासांची असेल तर पत्ता दिवसभर अडकतो, आणि गरज ९६० पत्त्यांची होते. /२४ चा पूल सव्वासहा तासांत रिकामा. तीच लीज अर्ध्या तासाची केली की वीस-तीस पत्त्यांत भागतं.

पूल आणि क्लाउड यांच्या जोडीचा एक किस्सा सांगतो, कारण तो पुन्हापुन्हा भेटतो. एका ठिकाणी तक्रार होती की एसएसएच केलं की दर वेळी होस्ट किल्ली बदलल्याचा इशारा येतो. पोर्ट सिक्युरिटी तिथे आधीच बंद केलेली. मी टॅप इंटरफेसवर (व्हीएमच्या हायपरव्हायजरकडच्या टोकावर) टीसीपीडंप हे पॅकेटं दाखवणारं साधन लावून पोर्ट ६७ आणि ६८ ची पॅकेटं पाहिली. सहा व्हीएम, सहा वेगळे मॅक, आणि पर्याय ६१ मधला क्लायंट आयडी सगळ्यांचा अक्षरशः सारखा. सर्व्हरच्या दृष्टीने तो एकच क्लायंट, म्हणून सहाही जणांना एकच पत्ता. मूळ कारण इमेजमध्ये होतं. चालू व्हीएमचा स्नॅपशॉट घेऊन तीच ‘सोनेरी इमेज’ केली होती, त्यात इटीसीमधली मशीन-आयडीची फाइल भरलेली राहिली. सिस्टमडी या लिनक्सच्या व्यवस्थापकाचा नेटवर्क घटक क्लायंट आयडी त्या मशीन-आयडीवरून बनवतो. इमेज करण्याआधी ती फाइल रिकामी केली की पहिल्या बूटला नवी आयडी तयार होते. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क मांडणीत) क्लायंटने मॅकच ओळख म्हणून द्यावी असंही सांगता येतं, आणि किआमध्ये क्लायंट आयडी न जुळवण्याची सोय आहे. मी तिन्ही केलं. विश्वास उडाला की माणूस असंच करतो.

रिलेबद्दल, म्हणजे दुसऱ्या नेटवर्कवरच्या सर्व्हरपर्यंत विनंती पोचवणाऱ्या सोयीबद्दल, थोडक्यात. प्रोव्हायडर व्हीएलॅनवर भौतिक राउटरचा डीएचसीपी रिले नीट चालतो, सर्व्हर गेटवेच्या पत्त्यावरून सबनेट ओळखतो. भाडेकरूंच्या नेटवर्कवर मात्र दोन प्रकल्पांत १९२.१६८.१.०/२४ हाच सबनेट असू शकतो, आणि तिथे बाहेरच्या सर्व्हरला कोणाचा कोणता हे त्या पत्त्यावरून कळणं शक्य नाही. ती नेटवर्कं न्यूट्रॉनकडेच राहू द्या.

डीएनएसकडे वळू. इथे माझं मत डीएचसीपीच्या उलट आहे: बाहेरचा बाइंड ठेवाच. लोकांचे रिझॉल्व्हर (नाव शोधून देणारे मध्यस्थ) त्याला ओळखतात, त्याची देखरेख आधीच चालू असते. प्रश्न नोंदी लिहिण्याचा हक्क कोणाला द्यायचा एवढाच, आणि त्यासाठी कंपनीच्या मुख्य झोनला (एका डोमेनच्या नावांच्या यादीला) हात लावू देऊ नका. त्याखाली ‘क्लाउड’ नावाचा एक उपझोन काढा, एनएस नोंदी (या झोनचे सर्व्हर कोणते ते सांगणाऱ्या) टाकून तो सुपूर्द करा, आणि क्लाउडला जे लिहायचं ते त्याच आवारात लिहू द्या. कारण व्हीएमचं नाव वापरकर्ता ठरवतो. उद्या कोणी आपल्या व्हीएमला ‘मेल’ किंवा ‘डब्ल्यूपॅड’ (ब्राउझर प्रॉक्सीची मांडणी शोधतात ते नाव) असं नाव दिलं आणि ते मुख्य झोनमध्ये उमटलं, तर अख्ख्या कंपनीची वाहतूक त्याच्या दारात जाऊन उभी राहील.

ओपनस्टॅकमध्ये हे काम डेझिग्नेट करतो. त्याची रचना समजली की अर्धे प्रश्न पडत नाहीत. डेझिग्नेटचा एमडीएनएस हा भाग लपलेला मुख्य सर्व्हर असतो. जग त्याला कधी प्रश्न विचारत नाही. नवा झोन आला की डेझिग्नेटचा वर्कर आरएनडीसी (बाइंडला दूरून आज्ञा द्यायचं साधन) वापरून बाइंडला सांगतो, ‘हा झोन दुय्यम म्हणून जोडून घे, मुख्य तो तिकडे आहे’. यासाठी बाइंडमध्ये ‘अलाउ-न्यू-झोन्स’ चालू हवं आणि आरएनडीसीचं ९५३ पोर्ट वर्करला खुलं हवं. नंतर नोंद बदलली की डेझिग्नेट बाइंडला नोटिफाय (‘बदल झालाय’ हा निरोप) पाठवतो, बाइंड उलट येऊन एमडीएनएसच्या ५३५४ पोर्टवरून झोन ओढून नेतो. शेवटी वर्कर बाइंडला एसओए या झोनच्या मूळ नोंदीतला अनुक्रमांक विचारतो. तो जुळला की झोनची स्थिती ‘पेंडिंग’वरून ‘अ‍ॅक्टिव्ह’ होते.

डेझिग्नेटच्या पूलच्या (म्हणजे डीएनएस सर्व्हरांच्या गटाच्या, पत्त्यांच्या पूलशी संबंध नाही) वायएमएल फाइलमध्ये तीन याद्या असतात आणि त्यांची गल्लत होणं ठरलेलं. ‘एनएस रेकॉर्ड्स’ म्हणजे झोनमध्ये छापली जाणारी, जगाला दिसणारी नावं. ‘नेमसर्व्हर्स’ म्हणजे बदल पोचला का हे वर्कर ज्यांना विचारतो ते. ‘टार्गेट्स’ म्हणजे जिथे झोन खरोखर तयार करायचा ते. तुमच्याकडे एकच बाइंड असेल तर तिन्हींत तोच येतो, म्हणून सुरुवातीला फरक कळत नाही. दुसरा बाइंड आला आणि तो फक्त पहिल्या यादीत लिहिला की त्याच्यावर झोन कधी बनतच नाही, पण जग त्याला विचारत राहतं, आणि निम्म्या वेळा नाव सापडत नाही.

‘पेंडिंग’वर अडकलेला झोन जवळून कसा दिसतो ते सांगतो. नोटिफाय निघाला, बाइंडच्या लॉगमध्ये तो आल्याची ओळ आहे. बाइंडने एसओए विचारला, उत्तर मिळालं. त्यानंतर झोन ओढायचा प्रयत्न, आणि काही वेळाने ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. फायरवॉलवाल्याने ‘डीएनएस म्हणजे यूडीपी’ या सवयीने ५३५४ फक्त यूडीपीवर उघडलं होतं. एसओएचा प्रश्न यूडीपीवर जातो, अख्खा झोन ओढायला मात्र टीसीपी लागतं. दोन्ही उघडा. याच्याच जवळचा दुसरा प्रकार: डेझिग्नेटच्या मशीनला दोन पत्ते आहेत, नोटिफाय निघतो एकावरून आणि बाइंडला मुख्य म्हणून सांगितलाय दुसरा. बाइंड असा नोटिफाय नाकारतो आणि लॉगमध्ये तसं स्वच्छ लिहितो. लॉग वाचा म्हणतो ते यासाठी.

न्यूट्रॉनला डेझिग्नेटशी जोडताना ‘डीएनएस डोमेन’ हा पर्याय मूळच्या ‘ओपनस्टॅकलोकल’ या किमतीवर ठेवू नका. ती किंमत तशीच असली तर नावांची ही जोडणी चालूच होत नाही. स्वतःचं डोमेन लिहा, आणि शेवटचा टिंब विसरू नका. न्यूट्रॉनच्या एमएल२ या प्लगइनमध्ये डीएनएसचा विस्तार ड्रायव्हर, बाहेरचा डीएनएस ड्रायव्हर म्हणून डेझिग्नेट, आणि नेटवर्कवर झोनचं नाव एवढं झालं की फ्लोटिंग आयपीची नोंद आपोआप पडते. व्हीएमच्या आतल्या स्थिर पत्त्याची नोंद हवी असेल तर सबनेटवर ती प्रसिद्ध करण्याचा वेगळा पर्याय आहे. तो न लावता ‘नाव का येत नाही’ म्हणून शोधत बसणारे बरेच पाहिले.

उलट नोंदी, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या पीटीआर, यांच्यापाशी मघाचा /२४ चा आग्रह कामी येतो. उलट झोन ठिपक्यांच्या हद्दीवर तुटतो. क्लाउडला /२४ पूर्ण दिला असेल तर तो उलट झोन सरळ सुपूर्द होतो. /२६ दिला असेल तर आरएफसी २३१७ ची सीनेम-कसरत (एकेक नाव दुसऱ्या नावाकडे वळवण्याची) करावी लागते. ती चालते, पण रात्री दोन वाजता ती कोणाला समजावून सांगायची वेळ येऊ नये.

डेझिग्नेट नको असेल तर किआच्या डीडीएनएस घटकाकडून बाइंडमध्ये थेट नोंदी टाकता येतात, आरएफसी २१३६ च्या पद्धतीने, टीसिगची (दोघांकडच्या सामायिक किल्लीने केलेली) सही लावून. दोन काटे आहेत. टीसिगमध्ये वेळ असते आणि साधारणपणे ३०० सेकंदांपर्यंतचाच फरक चालतो. एका मशीनचं घड्याळ सरकलं की सगळ्या नोंदी ‘बॅडटाइम’ म्हणून परत येतात. दुसरा काटा क्लाउडच्या स्वभावातला. किआ नावाबरोबर डीएचसीआयडी नावाची नोंद ठेवतो, म्हणजे हे नाव कोणत्या क्लायंटचं आहे ते. क्लाउडमध्ये लोक ‘वेब-०१’ मारतात आणि त्याच नावाने नवा उभा करतात. क्लायंट नवा, डीएचसीआयडी जुनी शिल्लक राहिलेली, म्हणून नवी नोंद नाकारली जाते आणि नाव मेलेल्या पत्त्याकडे बोट दाखवत राहतं. ही तपासणी सैल करता येते, पण फक्त क्लाउडच्या उपझोनसाठी करा. आणि डेझिग्नेट व डीडीएनएस एकाच झोनवर कधीही लावू नका. एका म्यानात दोन तलवारी. डीडीएनएसच्या झोनची फाइल हाताने उघडायची तर आधी आरएनडीसीने झोन गोठवायचा, काम झालं की सोडायचा; एरवी बाइंडची जर्नल फाइल आणि तुमची दुरुस्ती एकमेकींवर चढतात.

‘नाव टाकलं तरी मिळत नाही’ या तक्रारीचं एक कारण सर्व्हरमध्ये सापडतच नाही. स्क्रिप्ट व्हीएम करण्याआधी ‘हे नाव आधीपासून आहे का’ म्हणून विचारते. ‘नाही’ हे उत्तर रिझॉल्व्हर साठवून ठेवतो. किती वेळ? आरएफसी २३०८ प्रमाणे एसओएचा टीटीएल (नोंद साठवायचा काळ) आणि त्यातलं शेवटचं ‘मिनिमम’ हे खातं, यांतलं जे लहान ते. तिथे ३६०० असेल तर तासभर नाव नाहीच. क्लाउडच्या उपझोनमध्ये मी तो आकडा ६० वर ठेवतो, आणि स्क्रिप्टला रिझॉल्व्हरऐवजी थेट बाइंडला विचारायला लावतो.

सार्वजनिक क्लाउडवर हाच प्रश्न घेऊन येणाऱ्यांसाठी: तिथे डीएचसीपीचा नाद सोडा. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवरच्या व्हीपीसी या खासगी नेटवर्कमध्ये ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम हाक) चालत नाही, तुमचा सर्व्हर विनंती ऐकूच शकत नाही. डीएचसीपीचे पर्याय तेवढे संच म्हणून देता येतात, आणि तो संच एकदा केला की बदलत नाही, नवा करून जोडावा लागतो. डीएनएस मात्र दोन्ही दिशांनी जोडता येतो, राउट ५३ रिझॉल्व्हरचे आत येणारे आणि बाहेर जाणारे टोक वापरून. गूगल क्लाउडवरून स्वतःच्या बाइंडकडे प्रश्न वळवले तर ते ३५.१९९.१९२.०/१९ या पट्ट्यातून येतात; तो पट्टा फायरवॉलमध्ये उघडा आणि उत्तरं इंटरनेटकडे न जाता त्याच जोडणीतून परत जातील असा मार्ग लिहा. हा परतीचा मार्ग विसरला की प्रश्न आलेले दिसतात, उत्तर गेलेलं दिसतं, आणि पलीकडे काहीच पोचत नाही.

जोडणी झाली की चाचणी घेताना एक व्हीएम तयार करून नाव आणि पत्ता बघण्यावर थांबू नका, ते सगळेच बघतात. तो व्हीएम हटवा. मग न्यूट्रॉनचा पोर्ट, किआमधली राखीव नोंद, बाइंडमधली सरळ नोंद आणि उलट नोंद, चारही ठिकाणी जाऊन ती गेली का ते पाहा. त्यानंतर तोच पत्ता मुद्दाम मागून दुसऱ्या नावाचा व्हीएम करा आणि पत्त्यावरून नाव विचारा. जुनं नाव आलं तर तुमच्या साखळीत हटवण्याची सूचना कुठेतरी गळते आहे. ती सापडेपर्यंत वापरकर्त्यांना आत घेऊ नका.